फुप्फुसाच्या दारातला विषाणू

२०२१ साली भारतात कोविडविरोधी लसीकरण सुरू झाले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोव्हिशील्ड कोट्यवधी लोकांनी दंडात टोचून घेतली. त्या लसीत चिंपांझीच्या शरीरात आढळणारा एक अडिनोव्हायरस होता. स्वतःच्या प्रती काढण्याची त्याची ताकद आधीच काढून टाकलेली होती आणि मोकळ्या झालेल्या जागेत करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचे जनुक बसवलेले होते. ज्याला विषाणुवाहक म्हणतात तो असा आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात एकदा तरी जाऊन आला आहे. दुसऱ्या दिवशीची कणकण, ठणकणारा दंड, मोडून आलेले अंग ही शरीराला त्याची चाहूल लागल्याची खूण होती. लसीला हवे असते तेच. पाहुणा आल्याची दवंडी पिटली जावी, पहारेकऱ्यांनी त्याला नीट पाहून ठेवावे आणि पुढच्या वेळी ओळखावे, एवढ्यासाठीच तर लस टोचायची. जनुकोपचारात हाच वाहक वापरला, की सगळे उलटे होते. तिथे त्याने गुपचूप पेशीत शिरायचे, बरोबर आणलेले जनुक ठेवायचे आणि कोणाला पत्ता लागू न देता नाहीसे व्हायचे. लसीतला गुण इथे दोष होतो. म्हणून 'विषाणुवाहक सुरक्षित आहे का?' हा प्रश्न एवढाच विचारला तर त्याला उत्तर नाही. कोणत्या अवयवात, किती मात्रेने, किती वेळा आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही. फुप्फुसाच्या बाबतीत तर गेल्या तीस वर्षांचा अनुभव असा आहे, की वाहक निरुपद्रवी ठरला तेव्हा तो बहुधा निष्प्रभही होता. आणि तो प्रभावी करायला गेले, की धोका परत दारात येऊन उभा राहिला. सुरक्षिततेचा पुरावा वाचताना ही दोन टोके एकमेकांपासून तोडू नयेत, असे माझे म्हणणे आहे.

फुप्फुसाच्या जनुकोपचाराच्या साऱ्या प्रयत्नांच्या केंद्रस्थानी सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार आहे. श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशींवर सीएफटीआर नावाचे एक प्रथिन असते. पेशीतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारी ती झडप आहे. क्षारांमागोमाग पाणी जाते आणि अस्तरावरचा श्लेष्मा पातळ राहतो. झडप नसली किंवा बिघडली, की श्लेष्मा चिकट होतो, साचतो, त्यात जिवाणू घर करतात आणि वर्षानुवर्षांच्या जंतुसंसर्गाने फुप्फुस झिजत जाते. सातव्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९८९ साली लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या चमूंनी शोधून काढले. आजार एकाच जनुकाचा. शिवाय फुप्फुस हवेला उघडे, त्यामुळे औषध वाफाऱ्यासारखे थेट आत नेता येण्याजोगे. पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये चांगले जनुक घालून दोष दुरुस्त झालेला दिसला. १९९२ मध्ये आणखी एक दिलासा मिळाला: सगळ्या पेशी दुरुस्त करण्याची गरज नाही, शंभरातल्या सहा ते दहा पेशी दुरुस्त झाल्या तरी त्या अस्तरातून क्लोराइडची वाहतूक जवळजवळ नेहमीसारखी होते. तेव्हा अनेकांना वाटले, की जनुकोपचाराचे पहिले मोठे यश इथेच मिळणार. ती आशा भाबडी नव्हती. हाती असलेल्या पुराव्यावरून कोणीही तोच निष्कर्ष काढला असता.

हिशेबात धरली गेली नव्हती ती फुप्फुसाची राखण. कित्येक चौरस मीटर पसरलेला हा पृष्ठभाग रोज हजारो लिटर हवा आत घेतो. त्या हवेबरोबर धूळ, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, विषाणू सगळेच येते. इतक्या उघड्या जागेत आपण टिकून आहोत ते तिथल्या कडेकोट बंदोबस्तामुळे. वर श्लेष्माचा थर. त्याला सतत घशाकडे ढकलणारे सूक्ष्म केसांसारखे तंतू. वायुकोशांत फिरणाऱ्या, दिसेल ते गिळणाऱ्या भक्षक पेशी. आणि या सगळ्यांना चुकवून कोणी अस्तरापर्यंत पोहोचलेच, तर एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या पेशींची भिंत. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णात यावर आणखी एक अडचण असते. ज्या चिकट श्लेष्मावर उपाय करायचा, तोच औषधाची वाट अडवतो. या राखणीतून पार जायला विषाणू निवडले गेले, कारण पेशीत शिरण्याचे कसब त्यांनी कोट्यवधी वर्षांत कमावले आहे. अडिनोव्हायरस तर श्वसनमार्गाचाच विषाणू. घसा, सर्दी, डोळे येणे हे त्याचे नेहमीचे उद्योग. पहिली निवड त्याची झाली, यात नवल नव्हते.

एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, रोनाल्ड क्रिस्टल यांच्या चमूने सीएफटीआर जनुक वाहणारा अडिनोव्हायरस पहिल्यांदा एका रुग्णाच्या श्वसनमार्गात सोडला. आयोवा विद्यापीठातील मायकेल वेल्श यांच्या चमूने त्याच सुमारास नाकाच्या अस्तरावर तसाच प्रयोग केला. जनुक पोहोचते, प्रथिन थोडे तरी तयार होते, याच्या खुणा मिळाल्या. पण बेथेस्डाच्या चाचणीत जास्त मात्रा दिलेल्या एका रुग्णाला ताप आला, रक्तदाब उतरला, फुप्फुसाच्या चित्रात दाह दिसला. तो रुग्ण बरा झाला. चाचणी मात्र सावध झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बारा रुग्णांच्या नाकात वाढत्या मात्रेने वाहक सोडला गेला. पेशींचे काम काही सुधारले नाही आणि सर्वांत मोठ्या मात्रेला नाकाचे अस्तर सुजले. पुढे तोच वाहक पुन्हा पुन्हा देऊन पाहिला, तेव्हा पहिल्या खेपेला दिसणारे जनुकाचे काम तिसऱ्या खेपेपर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. शरीराने ओळख ठेवली होती.

यामागचे कारण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उलगडले, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला त्यातच दिसतो. अडिनोव्हायरस ज्या कडीला धरून पेशीत शिरतो, ती कडी श्वासनलिकेच्या पेशींवर हवेकडच्या बाजूला जवळजवळ नसतेच. ती असते पेशींच्या खालच्या अंगाला, आतल्या बाजूला. मग खरा अडिनोव्हायरस आपल्याला आजारी कसा पाडतो? कुठेतरी अस्तराला बारीक चीर असते, तिथून दोन-चार विषाणू आत शिरतात, आणि त्या दोन-चारांचे आत गेल्यावर हजारो होतात. आत शिरण्यातली त्याची उणीव वाढण्याच्या ताकदीने भरून निघते. वाहक बनवताना आपण नेमकी तीच ताकद काढून घेतो, आणि काढलीच पाहिजे, कारण रुग्णाच्या अंगात वाढणारा विषाणू सोडणे कोणालाच मान्य होणार नाही. पण मग जे काम विषाणूने स्वतःच्या वाढीने केले असते, ते बाहेरून प्रचंड संख्या ओतून करावे लागते. सुरक्षिततेसाठी काढलेल्या ताकदीची भरपाई अशी मात्रेने होते आणि ती मात्राच नवा धोका बनते. विषाणूचे बाह्य कवच हे शरीराच्या लेखी परके प्रथिन आहे; आत जनुक कुठले आहे, विषाणू जिवंत आहे की अपंग, याची चौकशी पहारेकरी करत बसत नाहीत. कवचे किती आली, हे ते पाहतात.

१७ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, तो याच कारणाने. त्याचा आजार यकृताचा होता आणि वाहक यकृताकडे जाणाऱ्या धमनीत सोडला होता. मात्रा होती सुमारे अडतीस लाख कोटी विषाणुकण. कोव्हिशील्डच्या एका टोचणीत पाच हजार कोटी कण असतात. म्हणजे साडेसातशे पटींहून अधिक. चार दिवसांत सर्वांगात दाह भडकला, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडली, एकेक अवयव बंद पडत गेला. त्याच चाचणीत जवळजवळ तेवढीच मात्रा मिळालेली दुसरी एक व्यक्ती तात्पुरत्या त्रासानंतर सावरली होती. म्हणजे एकाला सोसणारी मात्रा दुसऱ्याला प्राणघातक ठरली, आणि ती ठरेल हे आधी सांगणारी कोणतीही तपासणी हाताशी नव्हती. चाचणीच्या देखरेखीतही गंभीर उणिवा निघाल्या आणि अमेरिकेतील साऱ्या जनुकोपचार चाचण्यांचे नियम त्यानंतर कडक झाले. इथे आक्षेप येतो, की हे उदाहरण फुप्फुसाला लावणे बरोबर नाही; रक्तात सोडलेला वाहक सगळीकडे पसरतो, श्वासावाटे दिलेला बहुतांशी फुप्फुसातच राहतो. आक्षेप खरा आहे आणि वाफाऱ्याच्या मार्गाची ती मोठी जमेची बाजू आहे. पण तो अर्धाच खरा आहे. फुप्फुसाचे अस्तर आणि रक्त यांच्यामध्ये वायुकोशांत केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो, आणि सुजलेल्या फुप्फुसात तो आणखी गळका होतो. शिवाय यकृताने थोडा दाह सोसला तर माणूस दोन दिवस थकतो. ज्याच्या श्वासाची क्षमता आधीच निम्म्यावर आलेली आहे, त्याच्या फुप्फुसाने सोसण्याजोगा दाह फारच थोडा असतो.

अडिनोव्हायरसवरून लक्ष दुसऱ्या एका विषाणूकडे वळले. १९६५ साली अडिनोव्हायरसच्या नमुन्यांत भेसळीसारखा सापडलेला हा चिमुकला विषाणू. नावही त्यावरून पडले, अडिनो-असोसिएटेड व्हायरस, थोडक्यात एएव्ही. दुसऱ्या विषाणूच्या मदतीशिवाय त्याला धड वाढताही येत नाही, आणि त्याच्यामुळे माणसाला होणारा कोणताही आजार ज्ञात नाही. गोंगाट न करणारा वाहक हवा, तर याच्याइतका लायक दुसरा कोण? अडचण जागेची होती. त्याच्या कवचात जेमतेम ४७०० अक्षरांची जनुकीय चिठ्ठी मावते आणि सीएफटीआरचा मजकूरच ४४०० च्या पुढे जातो. मजकुराला सुरुवात करून देणाऱ्या सूचनेसाठी जागाच उरत नाही. तरीही आटापिटा करून तो बसवला गेला आणि वाफाऱ्याने दिला गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत तिसाव्या दिवशी फुप्फुसाची क्षमता किंचित सुधारल्याचे दिसले. म्हणून १०२ रुग्णांची मोठी चाचणी झाली. २००७ मध्ये तिचा निकाल आला: वाहक सुरक्षित, सोसवणारा; गुण काही नाही.

'सुरक्षित' हा त्या निकालातला शब्द पुढे अनेक ठिकाणी तोंडी आधारासारखा वापरला गेला, म्हणून त्याच्यावर जरा थांबले पाहिजे. ज्या चाचणीत जनुकाने काम केले नाही, त्या चाचणीत नेमके कशाच्या सुरक्षिततेची परीक्षा झाली? विषाणुकवचे श्वासावाटे घेतली तर फुप्फुस बिघडत नाही, एवढ्याची. तेवढी माहितीही मोलाची आहे. ती मिळवण्यासाठी शंभर रुग्णांनी आपले आजारी फुप्फुस पुढे केले होते, आणि त्यांच्यामुळेच पुढच्या चाचण्यांना परवानगी मिळू शकली. पण उंबऱ्याबाहेर थांबलेल्या पाहुण्याने घरात गोंधळ घातला नाही, यावरून तो आत आल्यावर कसा वागेल हे कळत नाही. जनुक पेशीत शिरून महिनोन्महिने प्रथिन बनवू लागले, तर शरीर ते प्रथिन आपले मानेल का? ज्या रुग्णाच्या जनुकात असा दोष आहे की सीएफटीआर प्रथिन कधी तयारच झाले नाही, त्याच्या प्रतिकारयंत्रणेने ते उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही. त्याच्या लेखी ते परकेच असू शकते, आणि मग त्या दुरुस्त झालेल्या पेशींवरच हल्ला होण्याची शक्यता उरते. दुसरी गोष्ट संख्येची. शंभर जणांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तर संख्याशास्त्र एवढेच सांगते, की त्याचे खरे प्रमाण शंभरात तीनच्या वर बहुधा नसावे. शंभरात तीन ही काही क्षुल्लक जोखीम नव्हे. अडिनोव्हायरसच्या करोना लसींमुळे क्वचित काहींच्या रक्तात गुठळ्या होतात, हे कळायला लक्षावधी टोचण्या व्हाव्या लागल्या. फुप्फुसाच्या जनुकोपचाराला एवढे रुग्ण कधीच मिळणार नाहीत.

एएव्हीच्या निरुपद्रवीपणावरचा भरवसा २०२० साली दुसऱ्याच एका आजाराने हलवला. स्नायूंच्या एका गंभीर जन्मजात दुबळेपणावर एएव्हीची एक चाचणी चालू होती. स्नायू म्हणजे शरीराचा मोठा भाग. तिथवर पोहोचायला शिरेतून, वजनाच्या दर किलोमागे शेकडो लाख कोटी कण दिले गेले. तिथे २०२० आणि २०२१ मध्ये मिळून चार मुले दगावली, यकृताच्या बिघाडाने सुरू झालेल्या गुंतागुंतीतून. तीन मृत्यूंनंतर मात्रा निम्म्याहून कमी केली होती. चौथा त्या कमी मात्रेवर झाला. या मुलांच्या यकृतात त्या आजारामुळे आधीच दोष असावा, असे नंतर पुढे आले. म्हणून त्या मृत्यूंचा सगळा दोष एएव्हीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण मग सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचे फुप्फुस तरी कुठे निकोप असते? आजारी अवयवातच वाहक सोडायचा, ही जनुकोपचाराची अटच आहे. निरोगी उंदराच्या किंवा माकडाच्या फुप्फुसावरून काढलेली सुरक्षित मात्रा म्हणूनच हात राखून वाचावी लागते.

आता नव्या पिढीचे एएव्ही आले आहेत. निसर्गातले कवच जसेच्या तसे न घेता, लाखो बदललेली कवचे तयार करून, त्यांतून श्लेष्मा ओलांडणारी आणि श्वासनलिकेच्या पेशीत सहज शिरणारी निवडून काढली जातात. अमेरिकेतील फोर-डी मॉलिक्युलर थेरप्युटिक्स या कंपनीने असा वाहक २०२२ पासून रुग्णांना वाफाऱ्याने द्यायला सुरुवात केली. जागेची अडचण सोडवायला त्यांनी सीएफटीआरचा एक तुकडा गाळून जनुक छोटे केले आहे. सर्दीफोडांच्या हर्पीस विषाणूचा वाहकही चाचणीत आहे. त्याच्या पोटात जागाच जागा असते. माझ्या दृष्टीने या वाहकांची खरी सुरक्षा-परीक्षा आता कुठे सुरू झाली, कारण ते खरोखर आत शिरत असतील तरच त्यांच्याविषयी काही कळणार आहे.

तिसरा मार्ग लेन्टीव्हायरसचा. अडिनोव्हायरस आणि एएव्ही आपले जनुक पेशीत बहुतांशी सुटेच ठेवतात. पेशी मेली, की ते गेले. श्वासनलिकेच्या वरच्या पेशी काही महिन्यांत बदलतात, म्हणजे मात्रा पुन्हा द्यावी लागणार, आणि पुन्हा द्यावी तर शरीर वाहकाला ओळखून बसलेले. लेन्टीव्हायरस जनुक थेट गुणसूत्रात ओवून टाकतो, त्यामुळे पेशी विभागली तरी ते लेकींकडे जाते. टिकाऊपणा हा त्याचा गुण, आणि भीतीही तिथेच आहे. कुठे ओवले जाईल, हे आपल्या हातात नसते. पॅरिसमधील नेकर रुग्णालयात अॅलन फिशर आणि मरीना कावाझाना यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर लेन्टीव्हायरसच्याच कुळातल्या, तसाच ओवून बसणाऱ्या रेट्रोव्हायरसने उपचार केले. २००० साली त्याचे यश जाहीर झाले तेव्हा तो जनुकोपचाराचा पहिला निःसंशय विजय होता. २००२ पासून त्यांतल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग होऊ लागला, कारण वाहक पेशीवाढीशी संबंधित एका जनुकाशेजारी जाऊन बसला होता आणि ते जनुक त्याने कायमचे चालू करून ठेवले होते. पॅरिस आणि लंडन मिळून वीस मुलांपैकी पाच जणांना हे झाले, एक दगावला. बाकीची मुले उपचारांनी बचावली. त्यानंतर वाहकातले शेजाऱ्याला चेतवणारे भाग काढून टाकले गेले आणि लेन्टीव्हायरस पुष्कळच सुरक्षित झाला. पण पुष्कळच म्हणजे पूर्ण नव्हे. मेंदूच्या एका आजारावरील लेन्टीव्हायरस उपचारात ६७ मुलांपैकी सात जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वाहकात जनुकाला चेतवणारी सूचना फार जोरकस होती, असे त्याचे एक कारण मानले जाते.

याला दिले जाणारे उत्तर असे: ही सगळी उदाहरणे रक्ताच्या मूलपेशींची आहेत. त्या भराभर विभागतात, श्वासनलिकेच्या पेशी संथ असतात, तेव्हा तिथे कर्करोगाची भीती फार कमी. ब्रिटनमधील ज्या संशोधकगटाने श्वासावाटे देण्याचा लेन्टीव्हायरस तयार केला आहे, त्यांच्या कामातून या उत्तराला आधारही मिळतो. त्यांनी माकडाच्या लेन्टीव्हायरसला सेंडाय या श्वसनमार्गी विषाणूच्या कवचातली दोन प्रथिने चढवली, म्हणजे कडी हवेकडच्या बाजूलाच सापडते. उंदरांत एका मात्रेने जनुक दीर्घकाळ काम करत राहिले, पुन्हा दिलेली मात्राही लागू पडली आणि गाठी दिसल्या नाहीत. हा वाहक आता मानवी चाचणीपर्यंत आला आहे. मला हे काम सर्वांत आशादायक वाटते. तरीही त्या उत्तरातला एक सांधा निखळलेला आहे. संथ पेशींत बसलेले जनुक त्या पेशींबरोबर जाणार. ते आयुष्यभर टिकवायचे, तर अस्तराच्या तळाशी असणाऱ्या मूलपेशींपर्यंत वाहक पोहोचायला हवा. आणि तिथे पोहोचला, की 'या पेशी संथ आहेत' हा दिलासा संपतो. टिकाऊपणाचा दावा एका प्रकारच्या पेशींवर आणि सुरक्षिततेचा दावा दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर उभा असेल, तर दोन्ही एकत्र मोजता येत नाहीत.

आणखी एक फरक मुंबईच्या उदाहरणावरून नीट कळतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेला, २०२३ मध्ये मान्यता मिळालेला रक्तकर्करोगावरचा कार-टी उपचार लेन्टीव्हायरसच वापरतो. पण तिथे रुग्णाच्या पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक घालतात, तपासतात, आणि मगच परत देतात. चूक दिसली तर ती पिशवी वापरायची नाही, एवढी तरी सोय आहे. फुप्फुसात फवारलेला वाहक परत बोलावता येत नाही. कुठल्या पेशीत कुठे ओवले गेले, हे पाहायला दुर्बिणीतून ब्रश घालून खरवडलेल्या थोड्या पेशी मिळतात. त्यावरून लक्षावधी पेशींचा अंदाज बांधायचा.

मग विषाणूच कशाला, असे कोणी विचारील. ब्रिटनमधल्या याच गटाने आधी विषाणूऐवजी चरबीच्या थेंबांत गुंडाळलेले जनुक वर्षभर दर महिन्याला सुमारे १४० रुग्णांना देऊन पाहिले होते, त्यांतल्या काहींना तुलनेसाठी नुसते मिठाचे पाणी. २०१५ मध्ये निकाल आला. फुप्फुसाच्या क्षमतेत ३.७ टक्क्यांचा फरक, तोही मुख्यतः घसरण थांबल्यामुळे. जनुकोपचाराने सिस्टिक फायब्रोसिसच्या फुप्फुसात काही घडते, हे त्याने पहिल्यांदा ठामपणे दाखवले, पण रुग्णाच्या आयुष्यात ते पुरेसे नव्हते. थेंबांना पेशीत शिरण्याचे कसब नाही, म्हणूनच तो गट विषाणूकडे वळला. २०१९ पासून तर चित्रच पालटले आहे. बिघडलेल्या सीएफटीआर झडपेला सरळ करणाऱ्या तीन औषधांची गोळी आली आणि युरोप-अमेरिकेतील सुमारे नव्वद टक्के रुग्णांना ती उपयोगी पडू शकते. ज्याला गोळीने मोकळा श्वास मिळतो, त्याने नव्या विषाणुवाहकाची जोखीम पहिल्यांदा घ्यावी, असे म्हणणे आता कठीण आहे. उरतात ते दहा टक्के, ज्यांच्या शरीरात सरळ करायला झडपच तयार होत नाही. ही गोळी मुख्यतः ज्या दोषावर चालते, तो युरोपात सर्रास दिसणारा जनुकदोष भारतीय रुग्णांत त्या मानाने कमी आढळतो, म्हणजे गोळीचा लाभ न होणाऱ्यांचा वाटा आपल्याकडे अधिक असणार. आणि अमेरिकेत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलरची किंमत घेऊन आलेली ती गोळी लाभ होणाऱ्यांपैकी तरी कितीजणांना परवडेल? जनुकोपचाराची खरी गरज असलेला माणूस आज हा आहे.

या माणसाच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला सर्वांत जड वाटतो. दर वर्षी ज्याचे फुप्फुस थोडे थोडे जात आहे, त्याच्यापुढे सुरक्षिततेच्या इतक्या शंका मांडणे म्हणजे त्याचा वेळ खाणे नव्हे का? थांबण्यालाही जोखीम आहे, आणि ती कुठल्या तक्त्यात लिहिली जात नाही. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. शंकांमुळे चाचण्या थांबाव्यात, असे माझे म्हणणे नाही. त्या चालू राहाव्यात आणि मात्रा प्रभाव दाखवण्याइतकी असावी, असेच आहे. प्रभावाच्या फार खाली राहिलेली मात्रा देणे ही सावधगिरी वाटते, पण त्या रुग्णाला तिचा उपयोग शून्य आणि तोटा मात्र होऊ शकतो. तो तोटा दुष्परिणामांच्या यादीत सहसा दिसत नाही. एएव्हीची एक मात्रा घेतली, की शरीरात त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि वर्षानुवर्षे राहतात. अनेक चाचण्यांत अशी प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाला घेतच नाहीत. एका कवचाविरुद्धची प्रतिपिंडे पुष्कळदा मिळत्याजुळत्या दुसऱ्या कवचालाही अडवतात. म्हणजे आज कमकुवत मात्रा घेणाऱ्याला ना ताप आला, ना दाह झाला, ना फुप्फुसाचा आकडा हलला. निकालात तो 'कोणताही गंभीर दुष्परिणाम नाही' या रकान्यात गेला. पाच वर्षांनी त्याच घराण्यातला, पण खरोखर काम करणारा वाहक आला, तेव्हा रक्ततपासणीत तो अपात्र ठरला. ओवून बसणाऱ्या वाहकांसाठी अमेरिकेचे नियामक रुग्णाचा पंधरा वर्षे पाठपुरावा करायला सांगतात. त्या पंधरा वर्षांच्या नोंदवहीत हाही रकाना असायला हवा: या मात्रेमुळे कोणत्या पुढच्या उपचाराचे दार रुग्णाला बंद झाले. आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी ते वाक्य रुग्णाला त्याच्या भाषेत, ताप आणि खोकल्याच्या शक्यतेच्याही वर, वाचून दाखवले गेले पाहिजे.